जुना फोन आणि अंजिराचे झाड

चिंतन : संत लूककृत शुभवर्तमान १३:६-९



द्राक्षमळ्यात लावलेल्या अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्या ओळखीचा आहे. दर तीन वर्षांनी, प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारी, तो आपण मिस्सामध्ये ऐकतो. मळ्याचा मालक तीन वर्षे फळाच्या आशेने येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. शेवटी तो माळ्याला झाड तोडून टाकायला सांगतो. उगाच जमीन कशाला अडवायची, असा त्याचा सवाल आहे. माळी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो. त्या वर्षात तो झाडाभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. त्यानंतर फळ आले तर उत्तम. नाही आले तर झाड तोडावे, हे त्यालाही मान्य आहे.

प्रभू येशूने हा दाखला पश्चात्तापाविषयी सांगितला. देव आपल्याला संधी देतो, पण त्या संधीला मुदत असते, हा त्याचा गाभा. तो न विसरता आज आपण या माळ्याकडून एक व्यवहाराची गोष्ट शिकूया. ती आहे आपल्या खिशातील मोबाइल फोनविषयी.

चर्चमध्ये फोनचा विषय निघाला की तो मिस्साच्या वेळी बंद ठेवावा, एवढीच सूचना आपण अपेक्षितो. परंतु ज्या वस्तूसाठी घरात कर्ज निघते, जिच्यावरून बाप-लेकांत अबोला होतो, जिच्यातून परदेशी गेलेल्या लेकीचा चेहरा दिसतो, ती वस्तू प्रभूच्या वचनाच्या कक्षेबाहेर कशी राहील? चालू असलेला जुना फोन कधी बदलावा? हा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक घरात येतो. त्याचे उत्तर शेजाऱ्याकडे पाहून द्यायचे की विवेकाला विचारून, एवढेच ठरवायचे आहे.

मालकाची घाई

दाखल्यातील मालक दुष्ट नाही. त्याने तीन वर्षे वाट पाहिली आहे. पण त्या तीन वर्षांत त्याने झाडाकडे नुसते पाहिले. त्याच्या मुळाशी काय चालले आहे, हे माळ्याला ठाऊक होते. आपलेही असेच होते. फोन घेऊन दोन-तीन वर्षे झाली, तो थोडा मंद चालू लागला, बॅटरी दुपारीच संपू लागली, की 'आता हा गेला' असा निकाल आपण देऊन टाकतो. त्यातच नाताळला किंवा मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी नवा फोन घेऊन घरी येतात. कालपर्यंत चांगला वाटणारा आपला फोन एका संध्याकाळीत जुना होतो. खरे पाहता त्या संध्याकाळी फोनमध्ये काहीच बदललेले नसते. बदललेली असते ती आपली नजर. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये असे देवाने का सांगितले, हे अशा वेळी उमजते. लोभ सर्वप्रथम आपल्या हातातील देणगीची किंमत कमी करतो.

मिरकरवाड्याची शिकवण

जुन्या वस्तूशी कसे वागावे, हे रत्नागिरीकरांना कोणी दूरवरून येऊन शिकवायला नको. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मिरकरवाडा बंदरात जाऊन पाहा. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. कोणी इंजिन उघडून बसलेला असतो, कोणी लाकडाची डागडुजी करतो, तर कोणी मांडीवर जाळे घेऊन फाटलेला भाग सांधत असतो. जाळे एका ठिकाणी फाटले म्हणून ते कोणी समुद्रात फेकून देत नाही. याकोब आणि योहान यांना प्रभूने हाक मारली, तेव्हा तेही होडीत बसून जाळी नीट करीत होते, असे संत मार्क आवर्जून सांगतात. दुरुस्ती हे गरिबीचे लक्षण नव्हे. प्रेषितांच्या हातांना ते काम ठाऊक होते.

बागायतदारांनाही हे माहीत आहे. हापूसची जुनी झाडे फार उंच वाढतात, दाटतात, फळ कमी देऊ लागतात. अशी झाडे सरसकट न तोडता त्यांची शास्त्रीय छाटणी करून, खत देऊन त्यांचे पुनरुज्जीवन करण्याचे तंत्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांपर्यंत नेले आहे. दाखल्यातील माळी आपल्या कोकणात असता तर त्याने हेच केले असते.

खणणे आणि खत घालणे

मग फोनच्या मुळाशी खणायचे म्हणजे काय करायचे?

पहिली गोष्ट बॅटरीची. आजच्या फोनमधील लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, जशी गाडीचे टायर. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज केल्यावर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के क्षमता उरावी, अशा हिशेबाने अनेक फोन बनत आले आहेत. म्हणजे रोज चार्ज करणाऱ्याला दीड-दोन वर्षांत फरक जाणवणारच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अॅपल कंपनीने जाहीरपणे मान्य केले की, बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आपल्या सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि २०१८ मध्ये बॅटरी बदलण्याचा दर कमी केला. बॅटरी बदलताच अनेकांचे तेच जुने फोन पुन्हा पूर्वीसारखे चालू लागले. यातून आपण एवढे शिकावे की, म्हातारा झालेला फोन पुष्कळदा केवळ म्हाताऱ्या बॅटरीचा फोन असतो.

दुसरी गोष्ट जागेची. रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे, एकच व्हिडिओ चार गटांतून चार वेळा, कधीही न उघडलेली अॅप्स, यांनी फोन भरतो आणि मग अडखळतो. एका दुपारी बसून हे सारे काढून टाकले, तर पुष्कळ फोन मोकळा श्वास घेतात. प्रायश्चित्तकाळात आपण मन झाडतो, तसेच हे.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. खारा वारा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांनी चार्जिंगची पिन गंजते. खिशातील धागे व धूळ त्यात अडकते. 'चार्ज होत नाही' म्हणून टाकून दिलेला फोन कधी कधी केवळ साफसफाईने चालू होतो. उन्हात, होडीच्या फळीवर किंवा गाडीच्या काचेमागे फोन ठेवू नये. उष्णता बॅटरीचे आयुष्य लवकर खाते. फोन भिजला तर तो लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये, आणि तांदळाच्या डब्यातही घालू नये. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. फोन समुद्राच्या पाण्यात पडला असेल तर वेळ न घालवता कारागिराकडे न्यावा, कारण मीठ आतले भाग खात राहते.

एवढे केल्यावर फोनला मुदत द्यावी. माळ्याने 'बघू केव्हातरी' असे म्हटले नाही; त्याने एक वर्ष म्हटले. आपणही कुटुंबात बसून ठरवावे : पुढच्या नाताळपर्यंत हा फोन चालवायचा, मग पुन्हा पाहायचे. मुदत ठरली की रोजची घालमेल थांबते.

तोडण्याची वेळही असते

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुने ते सारे जपणे हा काही सद्गुण नव्हे. माळी दयाळू होता, पण वेळ आल्यावर झाड तोडायला तो तयार होता. काटकसरीच्या नावाखाली धोका पत्करणे हे देवाने दिलेल्या शहाणपणाला शोभत नाही. तेव्हा फोन बदलण्याची वेळ आली, हे कशावरून ओळखावे?

बॅटरी फुगली असेल, फोनची पाठ उचलली जात असेल, तर एक दिवसही थांबू नये. तो चार्ज करू नये, दाबू किंवा टोचू नये. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती जाणत्या कारागिराकडे द्यावी. बाकी फोन चांगला असेल तर नुसती बॅटरी बदलून भागेल. मात्र त्या अवस्थेत फोन उशाशी घेऊन झोपणे म्हणजे अविचार.

कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट कायमचे थांबले असतील आणि त्याच फोनवर आपण बँकेचे व्यवहार करीत असू, तर तेही गंभीर आहे. चोर कोणत्या वेळी येणार हे घरधन्याला कळले असते तर तो जागा राहिला असता, असे प्रभूने सांगितले आहे. अपडेट थांबलेला फोन म्हणजे कडी मोडलेले दार. त्या दारातून चोर येईलच असे नाही, पण ज्या घरात पेन्शन किंवा बोटीवरच्या मुलाने पाठवलेली रक्कम आहे, त्या घराला ते दार परवडणारे नाही. असा फोन केवळ बोलण्यासाठी ठेवावा आणि पैशांचे व्यवहार दुसऱ्या, सुरक्षित फोनवर न्यावेत.

काही वेळा फोन चालतो, पण गरजेचे काम थांबते. उदाहरणार्थ, २०२५ च्या जानेवारीपासून अँड्रॉइड ४.४ वरील फोनवर व्हॉट्सअॅप चालेनासे झाले. आजींच्या फोनवर नातवंडे दिसेनाशी झाली, तर तो फोन कितीही धडधाकट असला तरी त्यांच्यासाठी त्याचे फळ संपले.

आणि शेवटी दुरुस्तीचा हिशेब. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावले तर ठिगळ ओढ घेते आणि फाटलेले अधिकच फाटते, हा प्रभूचा दृष्टांत येथे लागू पडतो. आज डिस्प्ले, दोन महिन्यांनी पिन, पुढे स्पीकर, असे चालू झाले आणि दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या फोनच्या निम्म्याच्या वर जाऊ लागला, तर तेथे थांबणे हेच शहाणपण.

फळ कोणासाठी?

बंधू-भगिनींनो, आता आपण या चिंतनाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. झाडाचे फळ झाड स्वतः खात नाही. मालक झाडाकडे फळ मागत होता, ते कोणाच्या तरी मुखी लागावे म्हणून. म्हणून फोनविषयी आपण केवळ 'तो चालतो का?' एवढेच विचारून भागणार नाही. त्याचे फळ कोणाला मिळते, हे विचारले पाहिजे.

आता आपल्याच घरात डोकावून पाहूया. घरातील सर्वांत नवा फोन कोणाच्या हातात असतो? आणि सर्वांत जुना? बहुतेक घरांत क्रम ठरलेला आहे. कमावता पुरुष किंवा कॉलेजात जाणारा मुलगा नवा फोन घेतो. त्याचा जुना आईकडे जातो. आईचा त्याहून जुना, काच तडकलेला, आजींच्या हाती येतो. आपल्याला वाटते, त्यांना काय करायचे आहे नवीन घेऊन? परंतु जरा विचार करा. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना मोठ्या आवाजाचा स्पीकर हवा. ज्यांची नजर अधू झाली त्यांना स्पष्ट पडदा हवा. ज्या गावातल्या घरात एकट्या राहतात, ज्यांची मुले मुंबईत किंवा आखातात आहेत, त्यांना रात्रभर टिकणारी बॅटरी हवी. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात दापोली-मंडणगडकडे कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा रात्री दूरच्या लेकराचा जीव टांगणीला लागतो, तो आईच्या फोनची एक घंटा ऐकण्यासाठी. त्या वेळी जिचा फोन अर्ध्या तासात बंद पडतो, तिला आपण काय दिले आहे? आपल्या जेवणाच्या ताटातील उरलेले!

आम्ही असे म्हणत नाही की मुलांना फोन घेऊ नये. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा फोन म्हणजेच वर्ग झाला होता, आणि अभ्यासाची गरज आजही खरी आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या तांडेलालाही भरवशाचा फोन हवा; किनारा सोडण्यापूर्वी वादळाचा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, घरात पैसे एकाच फोनचे असतील, तेव्हा तो कोणाचा बदलायचा हे हट्टाच्या आवाजावर ठरू नये, गरजेच्या खोलीवर ठरावे. ज्याचा आवाज घरात सर्वांत हळू आहे, त्याला प्रथम विचारावे. ख्रिस्ती घराची ओळख येथे पटते.

बुरूज बांधण्यापूर्वी

घ्यायचे ठरलेच, तर बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला आठवावा. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. हप्त्यावर फोन घेताना महिन्याचा आकडा लहान दिसतो. बारा महिन्यांची बेरीज, वरचे शुल्क आणि रोखीने मिळाली असती ती सूट मिळवली की खरी किंमत कळते. हप्ता फिटण्याआधी आंब्याचा हंगाम बुडाला किंवा घरात आजारपण आले तर काय, हाही प्रश्न त्याच वेळी विचारावा.

फोन घेताना त्याला किती वर्षे अपडेट मिळणार, हे दुकानदाराला जरूर विचारावे. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. स्वस्त फोनांना याहून पुष्कळ कमी वर्षे मिळतात. आठ हजारांचा फोन दर दोन वर्षांनी घेणे आणि सोळा हजारांचा पाच वर्षे चालवणे, यात दुसरा सौदा स्वस्त आहे. सेकंडहँड घेण्यात कमीपणा नाही. मात्र भारत सरकारच्या 'संचार साथी' या सेवेवर त्याचा आयएमईआय क्रमांक तपासून घ्यावा, म्हणजे चोरीचा माल नकळत घरात येणार नाही. तो क्रमांक फोनवर *#०६# दाबले की दिसतो.

जुन्या फोनचे काय? चालू असेल तर आपले खाते काढून, फॅक्टरी रिसेट करून, शक्य तर नवी बॅटरी घालून गरजूला द्यावा. देताना असा द्यावा की घेणाऱ्याला तो वापरता येईल. बंद पडलेला फोन कचऱ्यात किंवा वहाळात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे किंवा विक्रेत्याकडे द्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी नोंदणीकृत पद्धतीने गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो एक-चतुर्थांशाहूनही कमी.

खाणीपासून वेदीपर्यंत

फोनच्या बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू वापरतात. जगातील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो या देशातून येतो, आणि तेथील काही खाणींत माणसे, मुलेसुद्धा, हातांनी खणतात. दिवंगत पोप फ्रान्सिस २०२३ च्या आरंभी त्या देशात गेले, तेव्हा आफ्रिकेच्या भूमीची लूट थांबवावी असे त्यांनी जगाला ठणकावून सांगितले. त्यापूर्वी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या विश्वपत्रात वस्तू फेकण्याची सवय आणि माणसांना टाकून देण्याची सवय एकाच मुळातून येते, हे त्यांनी दाखवून दिले होते. आपण फोन आणखी दोन वर्षे चालवला तर खाण बंद होणार नाही, हे खरे. पण आपल्या सोयीची किंमत कोणीतरी दूर कोठे मोजतो आहे, याची जाणीव ठेवणारा माणूस अधिक नम्रपणे वस्तू वापरतो.

७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो अक्युटिस या तरुणाला ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केले. २००६ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी तो वारला. संगणकात तो निष्णात होता. जगभरातील ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती त्याने संकेतस्थळावर मांडली. त्याच्या आईने सांगितले आहे की, बुटांचा दुसरा जोड घ्यायला तो तयार नसे. एक पुरे, उरलेले पैसे गरिबांना द्यावेत, असा त्याचा आग्रह असे. यंत्राचा द्वेष न करता यंत्राचा गुलाम न होणे शक्य आहे, हे या मुलाने दाखवले. आपल्या युवक-युवतींनी त्याच्याकडे पाहावे.

या आठवड्यात कुटुंब-प्रार्थनेनंतर घरातील सर्व फोन टेबलावर ठेवावेत आणि तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत : कोणाच्या फोनला खणणे-खत हवे आहे? कोणाच्या फोनची मुदत खरोखर संपली आहे? आणि ज्याने आजवर काहीच मागितले नाही, त्याच्या हातात कोणता फोन आहे?

प्रार्थना करूया : हे स्वर्गीय पित्या, तू आमच्याशी माळ्याच्या धीराने वागतोस. आम्हांला मिळालेल्या वस्तू कृतज्ञतेने वापरण्याची, वेळीच सोडण्याची आणि आधी दुसऱ्याला देण्याची बुद्धी दे. आमच्या घरातील वृद्धांची हाक आमच्यापर्यंत पोहोचू दे, आणि तुझी हाक आम्हां सर्वांपर्यंत. हे आम्ही आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे मागतो. आमेन.